गुडघ्यातील कूर्चेची इजा आणि मागे राहणारे दुखणे : कोणता उपचार कोणासाठी?

गुडघा दुखू लागला की आपल्याकडे पहिले निदान शेजारीपाजारीच करून टाकतात. "वंगण संपले", "गादी झिजली", "वाटी सरकली" अशी तीन-चार ठरलेली वाक्ये असतात. त्यानंतर येतो एमआरआयचा अहवाल. त्यातील इंग्रजी शब्द घरातील शिकलेला मुलगा मोठ्याने वाचतो आणि घरभर धास्ती पसरते. या दोन निदानांच्या मध्ये रुग्णाचा विचार करण्याचा वेळ हरवून जातो, आणि पैसे मात्र लगेच उभे करावे लागतात.

मी बँकेत लिपिक आहे. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायला येणाऱ्या खातेदाराला आम्ही कारण विचारत नाही, पण माणसे आपण होऊनच सांगतात. मुलीचे लग्न, मुलाची फी, घराचे छप्पर, आणि अलीकडे गुडघा. यात साठी उलटलेले असतातच; परंतु कबड्डी खेळताना पाय मुरगळलेला पंचविशीतला तरुण, मोटारसायकलवरून पडलेला पस्तिशीतला कामगार, डोक्यावर घमेली वाहून गुडघा गेलेली चाळिशीतली बाई, हेही असतात. पैसे कशासाठी हवेत हे ऐकले की मनात येते, हा उपचार यांना कोणी सुचवला आणि कशाच्या आधारावर? या कुतूहलापोटी मी गेली काही वर्षे या विषयावर मिळेल ते वाचत आलो आणि भेटतील त्या अस्थिरोगतज्ज्ञांना व फिजिओथेरपिस्टना प्रश्न विचारत आलो. मी कला शाखेचा पदवीधर आहे. डॉक्टरांची जागा घेण्याचा माझा अधिकार नाही. मात्र डॉक्टरांसमोर बसताना आपल्या समाजबांधवांच्या हाती चार नेमके प्रश्न असावेत, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम गुडघ्याची रचना पाहू. मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढे वाटी अशी तीन हाडे येथे एकत्र येतात. ही हाडे जेथे एकमेकांना टेकतात तेथे त्यांच्यावर पांढऱ्या, गुळगुळीत आणि चिवट पदार्थाचा थर असतो. हीच कूर्चा, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतले कार्टिलेज. हा थर अवघा काही मिलिमीटर जाडीचा, आणि त्यात निम्म्याहून बराच अधिक भाग पाण्याचा असतो. याखेरीज मांडी आणि नडगी यांच्या हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. त्याही एका प्रकारच्या कूर्चेच्याच, पण धाटणीने वेगळ्या. "गादी फाटली" असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा बहुधा या चकत्यांविषयी बोलणे चाललेले असते. "गादी झिजली" असे सांगितले जाते तेव्हा हाडावरच्या थराविषयी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांचे उपचारही वेगळे आहेत. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा की, इजा नेमकी कशाला झाली आहे?

हाडावरच्या कूर्चेचे दोन गुणधर्म समजले की पुढील सारे सोपे होते. पहिला असा की तिला रक्तवाहिन्या नसतात. त्वचा कापली तर रक्ताबरोबर दुरुस्तीचे सामान तेथे पोहोचते आणि जखम भरते. कूर्चेला ती सोय नाही. सांध्यातील पातळ द्रवातूनच तिला पोषण मिळते. पाऊल टाकले की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचलले की पुन्हा द्रव शोषून घेते. म्हणून गुडघा महिनोन्महिने आखडून ठेवणे हे कूर्चेला उपाशी ठेवण्यासारखे आहे. विल्यम हंटर या शरीररचनातज्ज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात, एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही, असे म्हटले होते. पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, पण कोणत्याही गोळीने वा चूर्णाने हे विधान अद्याप खोटे पाडलेले नाही.

दुसरा गुणधर्म अधिक महत्त्वाचा असूनही त्याविषयी फारसे बोलले जात नाही. कूर्चेला मज्जातंतूही नसतात. म्हणजे कूर्चा स्वतः दुखत नाही! दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याच्या आतले सुजलेले अस्तर, वाटीखालची चरबी, सभोवतालचे आवरण आणि ओढले जाणारे स्नायू. सांध्यात थोडे पाणी जरी साचले तरी मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा आदेश मंदावतो, तो स्नायू काही आठवड्यांत बारीक होतो. मग जो धक्का त्याने झेलायचा तो थेट सांध्यावर येतो, अस्तर पुन्हा सुजते, पुन्हा पाणी साचते. जुनाट दुखणे म्हणतात ते बहुतेक वेळा हे रहाटगाडगे असते. कूर्चेतला खड्डा हे त्याचे निमित्त असेल, पण गाडगे फिरते ठेवण्याचे काम इतर गोष्टी करतात. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की, सुजलेल्या गुडघ्यात वंगण संपलेले नसते. उलट नेहमी चमचाभरही नसणारा द्रव तेथे कितीतरी वाढलेला असतो.

अमेरिकेत बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढण्यात आले. हे लोक रुग्णालयात आलेले रुग्ण नव्हते, गावातून निवडलेले होते. २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गुडघ्यातील चकती फाटलेली दिसली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिनाभरात त्या गुडघ्यात दुखणे वा ताठरपणा काहीच नव्हते. म्हणजे फोटोत फाटलेले दिसले म्हणून तेच दुखत आहे असे म्हणता येत नाही. विशेषतः चाळिशीनंतर चकतीच्या कडा विरणे हे केस पांढरे होण्यासारखे आहे. अहवाल हातात आला की घाबरून न जाता डॉक्टरांना विचारावे, "साहेब, फोटोत दिसते ते आणि मला दुखते ते, यांचा मेळ बसतो का?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. तो गुडघा हाताने तपासून दाखवतो. एक्स-रे काढायचा असल्यास तो उभे राहून काढला जाईल हे पाहावे. आडवे झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यातील फट खरी किती उरली आहे हे नीट कळत नाही.

काही प्रसंगांत मात्र थांबू नये. इजा झाल्यावर गुडघा अडकून बसला, सरळच होईना. सांधा लाल, गरम झाला आणि ताप आला. पायावर भार देताच येईना. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली. अशा वेळी हाडवैद्याकडे अथवा मालिशवाल्याकडे न नेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडकलेला गुडघा ओढून "बसवण्याचा" प्रयत्न केल्यास फाटलेली चकती अधिक फाटते. तरुण खेळाडूची ताजी फाटलेली चकती शिवता येते. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो आणि तेथली शिवण धरते. पूर्वी अशी चकती सरसकट काढून टाकीत असत. १९४८ साली फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने चकती काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये पुढे होणारे बदल दाखवून दिले, आणि चकती निरुपयोगी नाही हे हळूहळू मान्य झाले. कापण्यापेक्षा शिवणे शक्य आहे का, हे तरुणाच्या आईवडिलांनी अवश्य विचारावे.

आता मुख्य विषय. इजा जुनी झाली, सूज येते-जाते, जिना उतरताना कळ येते, रात्री ठणकते, अशा गुडघ्याचे काय करावे?

सर्वांत अधिक पुरावा ज्या उपचाराच्या बाजूने आहे तो सर्वांत स्वस्त आहे, आणि कदाचित म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. तो म्हणजे पद्धतशीर व्यायाम. "सर, व्यायाम सांगितला, औषध काहीच दिले नाही," अशी तक्रार करणारे खातेदार मला भेटले आहेत. अमेरिकन सैन्याच्या दोन रुग्णालयांत गुडघ्याची झीज असलेल्या १५६ जणांवर झालेली एक चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, निम्म्यांना फिजिओथेरपी. एका वर्षानंतर फिजिओथेरपीवाल्यांचे दुखणे कमी व हालचाल अधिक होती. व्यायामाने कूर्चा परत उगवत नाही. मांडीचा, खुब्याचा व पोटरीचा स्नायू बळकट झाला की सांध्यावर येणारा धक्का तो झेलतो, आणि वर सांगितलेले रहाटगाडगे मंदावते.

व्यायाम म्हणजे सकाळी बागेत दोन फेऱ्या मारणे नव्हे. चालणे चांगलेच, पण बारीक झालेला स्नायू त्याने भरून येत नाही. आरंभ असा करता येतो. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि गुडघ्याने ती खाली दाबावी. पाच-सहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरून सोडावी, असे दहा वेळा. हे जमले की उताणे झोपून एक पाय दुमडून दुसरा सरळ ताठ पाय वीतभर उचलून धरणे. कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणे. यात खुब्याचा स्नायू काम करतो, ज्याकडे आपण कधीच लक्ष देत नाही. त्यानंतर उंच खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, मग तेच कमी उंचीच्या खुर्चीवरून, मग जिन्याच्या एका पायरीवर दुखरा पाय ठेवून वर चढणे व सावकाश उतरणे. घोट्याला वाळूची पिशवी बांधून वजन हळूहळू वाढवावे. ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनी बैठक थोडी उंच करून सपाट रस्त्यावर चालवावी.

व्यायाम करताना थोडे दुखणारच. येथे बहुतेक जण घाबरून थांबतात. फिजिओथेरपिस्ट यासाठी एक व्यवहारी माप सांगतात. दहापैकी चार-पाचपर्यंतचे दुखणे चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आले पाहिजे व सूज वाढता कामा नये. वाढली तर व्यायाम बंद करायचा नसतो, मात्रा कमी करायची असते. आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान तीन महिने. तीन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून सोडून देणे हे आवर्ती ठेवीचे तीन हप्ते भरून व्याज मागण्यासारखे आहे! पहिले चार-सहा वेळा तरी फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करावे. नुसते विजेचे शेक घेऊन परतणे म्हणजे उपचार नव्हे. महापालिकेच्या व सरकारी मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतोच. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था तर याच कामासाठी आहे.

व्यायामाचा जोडीदार म्हणजे वजन. २००५ साली अमेरिकेत जास्त वजनाच्या वयस्क माणसांची चाल यंत्राने मोजण्यात आली. शरीराचे वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो, असे आढळले. दिवसाची हजारो पावले धरली तर हिशेब आपणच करावा. पाच किलो वजन कमी करण्यास कोणतीही ठेव मोडावी लागत नाही. फक्त चहातील साखर, फरसाण आणि रात्रीचा भात यांच्याशी थोडे वाकडे घ्यावे लागते.

काठी घ्यायला आपल्या माणसांना लाज वाटते. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हे बहुतेकांना ठाऊक नसते, दुखऱ्या बाजूलाच धरून लोक वर्षानुवर्षे चालतात. दुखणे जोरात असेल त्या काळात उकिडवे बसणे, मांडी घालून तासन् तास बसणे टाळावे, संडासात कमोडची खुर्ची ठेवावी. आपल्या कार्यक्रमांत सतरंजीच्या मागे खुर्च्यांची एक रांग असावी आणि तेथे बसणाऱ्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहू नये, अशी कार्यकर्त्यांना विनंती आहे.

गोळ्यांबाबत थोडक्यात. डायक्लोफिनॅकसारखे मलम गुडघ्यावर लावणे हा पोटात गोळी घेण्यापेक्षा सुरक्षित मार्ग आहे आणि अनेकांना तो पुरतो. वेदनाशामक गोळ्यांनी आराम पडतो हे खरे, पण त्या रोज, महिनोन्महिने, डॉक्टरांना न विचारता घेतल्यास जठराला व्रण पडतात, रक्तदाब वाढतो व मूत्रपिंड दुखावते. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी तर औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी घेऊच नये. ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉयटिन या "कूर्चा वाढवणाऱ्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची १,५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २००६ साली तिचे निष्कर्ष आले. सर्व रुग्ण मिळून पाहता या गोळ्या खोट्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. गरम तेलाने चोळल्याने बरे वाटत असेल तर जरूर चोळावे, त्यात नुकसान नाही. मात्र नाव-गाव नसलेल्या "रामबाण" पुड्या घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत. तीन दिवसांत चमत्कार झाला की समजावे, पुडीत काय आहे ते.

यानंतर इंजेक्शने. ठेवी मोडण्याचे हे सध्याचे मोठे कारण असल्याने येथे जरा थांबतो. स्टेरॉइडचे इंजेक्शन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे चांगला आराम देते, आणि त्या अवधीत व्यायाम सुरू करता येतो. एवढ्यासाठी एखादे घेण्यास हरकत नाही; मधुमेह असल्यास पुढील काही दिवस साखर तपासावी. परंतु दर तीन महिन्यांनी ठरवून घेत राहणे निराळे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १४० रुग्णांना दोन वर्षे दर तीन महिन्यांनी इंजेक्शन दिले, निम्म्यांना स्टेरॉइडचे व निम्म्यांना मिठाच्या पाण्याचे. दोन वर्षांनंतर दुखण्यात फरक नव्हता, आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा मात्र अधिक पातळ झाली होती. "वंगणाचे" म्हणजे हायलुरोनिक आम्लाचे इंजेक्शन घ्या असे सांगितले जाते. २०२२ साली १६९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला, त्यात मिळणारा लाभ इतका अल्प दिसला की रुग्णाला तो जाणवणेही कठीण. आपल्याच रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढून टोचण्याची पद्धत, जिला पीआरपी म्हणतात, सध्या फार चालते. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर केलेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर ती मिठाच्या पाण्यापेक्षा वरचढ ठरली नाही. काही लहान चाचण्या तिच्या बाजूने आहेत, हेही नमूद केले पाहिजे. ज्यांना परवडते त्यांनी डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवावे. पण यासाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, हा शब्द ऐकला की माणूस दिपतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा पेशींचा सरसकट उपचार म्हणून वापर करण्यास मनाई केली होती. पुढे २०२२ साली औषध नियंत्रकांनी गुडघ्याच्या झिजेसाठी अशा एका उत्पादनाला मान्यता दिली. तेव्हा सारेच बोगस आहे असे नाही. परंतु मान्यता मिळालेले एक उत्पादन आणि कोणत्याही दवाखान्यात पोटाच्या चरबीतून काढून तिथल्या तिथे टोचलेला पदार्थ या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पेशींची तीन प्रकारची इंजेक्शने वर्षाअखेर साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली नव्हती.

दुर्बिणीने गुडघा "साफ" करण्याच्या शस्त्रक्रियेची कथा विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाचा सांधा धुतला, दुसऱ्याचा धुऊन खरवडला, तिसऱ्याच्या गुडघ्याला भूल देऊन फक्त त्वचेवर छेद दिले व टाके घातले; आत काहीच केले नाही. कोणाचे काय केले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षांनंतर तिन्ही गट सारखेच! हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. झिजेमुळे चकती फाटलेल्या १४६ रुग्णांवर फिनलंडमध्ये अशीच चाचणी झाली, २०१३ साली तिचा निष्कर्षही तोच आला. आता कोणी म्हणेल, माझ्या मेव्हण्याला तर दुर्बिणीच्या ऑपरेशनने बरे वाटले, ते खोटे का? खोटे मुळीच नाही. या चाचण्यांत खोटी शस्त्रक्रिया झालेल्यांनाही बरे वाटलेच होते. गुडघ्याचे दुखणे भरती-ओहोटीसारखे असते. माणूस डॉक्टरांकडे भरतीच्या वेळी जातो आणि ओहोटी लागली की श्रेय शेवटच्या उपचाराला देतो. याचा अर्थ दुर्बीण निकामी असाही नाही. अडकलेला गुडघा, आत सुटलेला तुकडा, तरुणाची शिवण्याजोगी चकती, यांसाठी ती वरदान आहे. पण पन्नाशीतल्या झिजलेल्या गुडघ्याला "एकदा साफ करून घेऊ" असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

कूर्चेतील खड्डा भरण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, पण त्या निवडक माणसांसाठी. वय साधारण पन्नाशीच्या आत, बाकी सांधा चांगला, अस्थिबंध शाबूत आणि इजा एका जागी मर्यादित, असा गुडघा असावा लागतो. खड्डा लहान, सुमारे दोन चौरस सेंटिमीटरच्या आत असेल तर खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडून रक्त वर आणतात आणि त्यातून भरणी तयार होते. स्टेडमन या अमेरिकन शल्यविशारदाने १९८०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तयार होणारी भरणी मूळ कूर्चेच्या प्रतीची नसते आणि काही वर्षांत तिचा गुण ओसरू शकतो. हंगेरीतील हांगोडी यांनी १९९२ साली दुसरी वाट काढली. गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या भागातून हाडासह कूर्चेचे लहान गोल तुकडे काढून खड्ड्यात फरशीसारखे बसवायचे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९८७ सालापासून रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत रोपण्यास आरंभ झाला व १९९४ साली पहिल्या २३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. यात दोनदा शस्त्रक्रिया लागते आणि खर्च फार. कोणतीही पद्धत निवडली तरी कुबड्यांचे आठवडे व व्यायामाचे महिने चुकत नाहीत, खेळावर परतण्यास बहुधा नऊ महिने ते वर्ष जाते. हे आधी सांगितले गेले नसेल तर आपण विचारावे, कारण रोजंदारीवर जगणाऱ्याला ऑपरेशनच्या बिलाइतकाच हा बुडालेला पगार जड जातो.

पाय धनुष्यासारखे बाकदार असतील तर भार एकाच बाजूवर पडत राहतो. अशा वेळी केवळ खड्डा भरणे म्हणजे भिंत कललेली असताना तिला गिलावा करणे होय. नडगीचे हाड छेदून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया अशा तरुण, कष्टकरी माणसाला सांधाबदलापासून बरीच वर्षे दूर ठेवू शकते. तिचे नाव आपल्याकडे कमी ऐकू येते, म्हणून मुद्दाम लिहिले.

सांधाबदल हा शेवटचा टप्पा. गुडघा पूर्ण झिजला, रात्रीची झोप गेली, चार-सहा महिने मनापासून केलेल्या व्यायामाचाही उपयोग झाला नाही, तर तो टाळण्यात शहाणपण नाही. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पूर्वज १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये वापरात आला. तो घडवणाऱ्या चमूत डॉ. इन्सॉल यांच्यासोबत भारतातून गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच डॉ. राणावत यांनी मुंबईत ऑक्टोबर २००० व जून २००१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे बदलले, आणि या शस्त्रक्रियेचे नाव घरोघरी पोहोचले. वाजपेयी तेव्हा पंचाहत्तरीचे होते हे लक्षात घ्यावे. २०१९ साली अनेक देशांच्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार शंभरांतील सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. परंतु पन्नाशीच्या आरंभी बदल करून घेतलेल्या पुरुषांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता सुमारे तिघांत एक एवढी असल्याचे ब्रिटनमधील नोंदींवरून २०१७ साली दाखवण्यात आले. शिवाय दहांत एक-दोघांचे दुखणे शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण जात नाही. म्हणून पस्तिशीच्या तरुणाला इजेच्या दुखण्यावर सांधाबदल सुचवला जात असेल तर घाई करू नये.

शेवटी पैशाची बाजू, जी माझ्या रोजच्या कामाची आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत तेव्हा वस्तू व सेवा कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. त्यापूर्वी तोच दीड लाखाच्या पुढे विकला जात असे. ही किंमत फक्त कृत्रिम सांध्याची. शस्त्रक्रिया, खोली, औषधे यांचा आकार वेगळा असतो. म्हणून रुग्णालयाकडून अंदाजपत्रक लेखी घ्यावे, सांध्याची कंपनी, प्रकार व किंमत बिलात स्वतंत्र लिहून मागावी, आणि सांध्याच्या खोक्यावरील चिकटपट्टी कागदपत्रांत लावलेली आहे का ते पाहावे. पुढे कधी दुरुस्तीची वेळ आली तर तीच कामाला येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. आपल्याला सांगितलेली शस्त्रक्रिया योजनेत आणि त्या विशिष्ट रुग्णालयात बसते किंवा नाही, हे शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन त्यांच्याकडे आधी विचारून यावे, आणि मगच ठेव मोडण्याच्या अर्जावर सही करायला बँकेत यावे.